नणंदेसाठी भाजलेला तुकडा

एरवी भट्टी उघडताना वहिनी कुणाची तरी खोडी काढत असे. आज तिच्या तोंडाला कुलूप होतं. आतल्या दोन तुकड्यांपैकी एक परवा तिच्या नणंदेच्या पायात बसणार होता. गाठ काढल्यापासून नडगीत पोकळी होती, नि डॉक्टरांनी त्या मापाचा तुकडा वहिनीच्याच कारखान्यातून मागवला होता.

हाडातल्याच क्षारांची भुकटी पाण्यात कालवायची, त्यात स्पंज बुडवून पिळायचा, वाळवून भाजायचा. स्पंज जळून जातो, त्याची भोकं मागे राहतात. त्या भोकांतून हाड हळूहळू आत शिरतं नि परक्या तुकड्याला आपलंसं करतं. प्रत्येक मापाचे दोन तुकडे करायचे, ही इथली पद्धत. पहिला वहिनीने नेहमीसारखा पिळला. दुसऱ्याच्या वेळी मात्र तिला राहवलं नाही. घरच्या माणसाचा पाय, जरा भक्कम असू दे, म्हणून तो पुन्हा एकदा बुडवला, नि पिळताना हात आखडता घेतला.

तोच आता देखणा, गुळगुळीत निघाला होता. शेजारचा पहिला उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसत होता.

वहिनीने दोघांवर शुद्ध पाण्याचा एकेक थेंब सोडला. कुरतडलेल्याने तो बघता बघता पिऊन टाकला, खालच्या काचेवर ओल उमटली. देखण्यावर थेंब टपोरा होऊन बसून राहिला. तिने आणखी एक टाकला, जणू चूक पहिल्या थेंबाचीच होती. तोही बसला.

तेवढ्यात दवाखान्यात पडून पडून कंटाळलेल्या नणंदेचा फोन आला. वहिनीने सगळं सांगून टाकलं. भक्कम करायला गेले नि भोकंच बुजवली. आता भोकांचा तुकडा येईल, तो इतका ठिसूळ की हातात धरायचीही भीती वाटते. पायाचा भार सोबत बसवायची धातूची पट्टी घेईल असं डॉक्टर म्हणतात, पण...



"म्हणजे माझ्या पायात चाळणी बसवणार तुम्ही," नणंद म्हणाली. मग हळूच, "वहिनी, तुझा पाय असता तर कुठला घेतला असतास?"

"भोकांचा."

"मग तोच पाठव. आणि दुसरा आत्ताच्या आत्ता फोड. तुझ्या मनाचा काही भरवसा नाही."

वहिनीने हातोडी घेतली. पहिल्या घावाला तो फुटला नाही. खरंच भक्कम होता. दुसऱ्या घावाला फुटला.

भोकांचा तुकडा चिमट्याने डबीत ठेवताना तिने श्वास रोखला होता. झाकण लागलं तरी तो सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही.