लाल ठिणग्यांचं पातं

खोटं मी एकच बोलले, पण ते भर दुकानात, पुंजारामकाकांच्या देखत आणि आबांच्या तोंडावर बोलले.

परतूरला आमचं लोहाराचं दुकान आहे. भट्टीच्या उजेडानं आबांची नजर वर्षभरापासून अधू झालीय, म्हणून साणेवरच्या, म्हणजे धार लावायच्या चाकावरच्या, ठिणग्या मी बघते. आई चाकाचा पट्टा ओढते, मी तुकडा टेकवते आणि ओरडून सांगते. ठिणगी लांब, सरळ गेली तर साधं लोखंड. टोकाला फुलासारखी फुटली तर पोलाद, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं की कडक होणारं. वर्षभरात माझं एकदाही चुकलं नव्हतं. त्यात सहामाहीला नववीत विज्ञानात पहिली आले. मग काय, माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुंजारामकाकांची मोसंबीची बाग आहे. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची आणि सालीखाली मोसंबीचा डोळा बसवायचा, त्यासाठी त्यांना बारीक चाकू हवा होता. धार बोथट असली की साल चेंगरते आणि कलम वाया जातं. जालन्याच्या भंगारातून त्यांनी रेल्वेच्या कारखान्यातलं, रूळ कापायच्या करवतीचं हातभर पातं आणलं होतं.

"रखमाजी, शुक्रवारी माणसं येऊन राह्यलीत कलमाला. जमत नसंल तर आत्ताच सांग, तयार चाकू आणतो. मंग बारीक कामाला पुन्हा तुझ्या दारात यायला नको."

"जमतंय की," आबा म्हणाले. "द्वारके, ठिणग्या पाह्यल्यास का?"

शाळेला उशीर होत होता. आणि करवत म्हणजे पोलादच असणार. दिवाळीआधी सुताराच्या करवतीची सुरी केलीच होती की आम्ही.

"पाह्यल्या. फुलं हायेत," मी म्हणाले आणि दप्तर घेऊन पळाले.

संध्याकाळी आले तर ऐरणीभोवती तुकडे पडलेले. आबांनी पातं मधोमध मोडलं होतं, अर्धं तापवून ठोकायला घेतलं, तर ते वाळल्या भाकरीसारखं भुगा होऊन पडलं.

"असलं पोलाद जन्मात पाह्यलं न्हाई," आई म्हणाली. "तुझ्या फुलांना काटे आले गं बाई."

आबा मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते हातातला तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "जास्त तापलं असंल. आगीचा रंगच कळंना झालाय मला. आता ऐरणीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागंल."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी बाकाच्या टोकावर बसले होते, गुरुजींनी दोनदा टोकलं. मधल्या सुट्टीत सरळ घरी पळत आले. आबा कोळसा आणायला गेले होते. मी उरलेलं अर्धं पातं उचललं आणि आईला म्हटलं, पट्टा ओढ.

ठिणग्या आल्या त्या आखूड, विझत चाललेल्या निखाऱ्यासारख्या लाल. एकही फूल नाही. म्हणजे लोखंड? मग कानस मारून पाहिली, तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. लोखंडावर कानस अशी घसरत नाही. मी पुन्हा साण लावली, पुन्हा कानस. आई म्हणाली, "अगं, किती नाचवतीस मला?"

तेवढ्यात आबा आले. त्यांनी कोळशाचं पोतं खाली टाकायच्या आत मी सांगून टाकलं.

"आबा, काल मी ठिणग्या पाह्यल्याच न्हाईत."

"न्हाईत?"

"न्हाई. खोटं बोलले. आत्ता पाह्यल्या, तर एक बी फूल न्हाई. हे आपलं नेहमीचं पोलादच न्हाई."

आबा खाली बसले. कोळशाचे हात पुसले. मग म्हणाले, "म्हंजे माझी नजर एवढी बी गेली न्हाई अजून." त्यांना इतकं हायसं वाटलं होतं, की मला तिथं उभं राहवेना. मग त्यांनी हात पुढे केला. "आण ती कानस."

त्यांचीही घसरली.

"आधीच एवढं कडक हाय," मी म्हणाले, "तर आगीत घालायचं कशाला? नुसतं घासू."

"आग न्हाई, पाणी न्हाई. मंग लोहार काय शोभेला?"

"तुम्ही बसा भट्टीपाशी शोभेला," आई म्हणाली. "आम्ही मायलेकी घासतो."

दोन दिवस घासलं. मी शाळेत गेलेच नाही. बोटांना चटका बसला की पातं पाण्यात बुडवायचं, पुन्हा साणेला लावायचं. पातं लवकर झिजेना. आबा भट्टीपाशी बसत, उठत, येऊन धारेवर अंगठा फिरवत आणि परत जात. गुरुवारी त्यांनी मला बाजूला सारलं आणि शेवटची धार स्वतः लावली, डोळे मिटून, नुसत्या आवाजावर.

शुक्रवारी सकाळीच पुंजारामकाका आले. हातात जंबेरीची फांदी होती.

"भाऊ, आधीच सांगतो," आबा म्हणाले, "ह्याला आग लावलेली न्हाई."

"मला सालीशी काम. तुझ्या आगीशी न्हाई." काकांनी चीर दिली. साल अलगद उघडली, कडा जराही चेंगरली नाही. त्यांनी दुसरी दिली, तिसरी दिली. "कशाचं हाय रे हे?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "तिला इचारा."

"माहीत न्हाई," मी म्हणाले.

"ठिणग्या पाहून बी?"

"पाहूनच म्हणते."

काका हसले. चाकू फडक्यात गुंडाळून निघाले. मग दारातून वळून आबांना म्हणाले, "आणखी असलं पातं घावलं तर आणू का?"

"आणा," आबा म्हणाले आणि भात्याकडं वळले. "बराबर पारखून घेऊ आम्ही."

मी दप्तर उचललं. शाळेची घंटा कधीच होऊन गेली होती, तरी मी पळत सुटले.