जुन्या दात्यांवर नवी चेन

"हलवू नकोस. ताणून धर," मी म्हणालो.

ठमीने तिच्या सायकलची चेन ताणून धरली आणि मी तिच्यावर फूटपट्टी ठेवली. एका पिनेच्या मध्यावरून मोजायला सुरुवात करायची. चेन नवी असेल तर बरोबर बारा इंचांवर पुन्हा पीन येते. हिची पीन रेघेच्या पुढे गेली होती, चांगली सूतभर.

"लांबली ना?"

"चेन लांबत नसते. आतल्या पिना थोड्या थोड्या झिजतात आणि सगळ्यांची झीज मिळून एवढी दिसते."

"म्हणजे लांबलीच."

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि बोलण्यात वकिलाच्या तोंडचं पाणी पळवेल. दुसऱ्या दिवशी तिची शर्यत होती. पहिल्या सहाजणींना संघात घेणार होते. तिच्या सरांनी बजावलं होतं, चेन गेलीय, बदलून घे.

"नुसती चेन बदलून भागत नाही," मी म्हणालो. "मागच्या दातेरी चाकाचे दातेही तिच्याबरोबर झिजलेत. नवी चेन त्यांच्यावर बसणार नाही. बदलायचं तर दोन्ही बदलायचं. माल सोमवारी येईल."

"बाबा, शर्यत उद्या आहे!"

"मग उद्या जुनीवरच चालव. दोघं एकत्र झिजलेत, एकमेकांना सांभाळून घेतात."

"काकाकडे दोन्ही आहेत."

"मग जा काकाकडे."

हे वाक्य 'जाऊ नकोस' या अर्थाने म्हणायची आमच्या घरात पद्धत आहे. ठमी सायकल घेऊन रस्ता ओलांडून गेली.

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचं दुकान माझ्या दुकानासमोर आहे. समोर म्हणजे अगदी समोर, मी स्टुलावर बसलो की त्याच्या काचेत मीच दिसतो. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हा दोघांना एकाच दुकानात, एकाच पान्यावर काम शिकवलं. अण्णा गेले, दुकान मला आलं, आणि धाकट्याने स्वतःच्या हिमतीवर समोर काचेचं दुकान टाकलं. हात माझा चांगला होता, हे अण्णाही म्हणत. त्याची जीभ चांगली होती. गिऱ्हाईक कुठे जातं ते सांगायला नको.

मी त्याच्यावर जळतो. सरळच सांगतो, उगाच आडवळण कशाला. त्याच्या काचेवर जळतो, त्याच्या दुकानात पंखा आहे त्यावर जळतो, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची चेन घालून तो चाकात हवा भरायला वाकतो तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तरी हे सगळं मी गिळलं असतं. ठमी मला 'तुम्ही' म्हणते आणि त्याला 'तू' म्हणते, हे मात्र मला गिळता आलेलं नाही. तिला सायकल मी शिकवली. सीट धरून मी धावलो. काका रस्त्यापलीकडून नुसता टाळ्या वाजवत होता, आणि तिच्या लक्षात टाळ्याच राहिल्या.

मी एका म्हाताऱ्याच्या सायकलचा ब्रेक आवळत बसलो, पण लक्ष सगळं समोर. धाकट्याने ठमीची सायकल स्टँडला टांगली. जुनी चेन काढली. मग दोघांचं काहीतरी बराच वेळ बोलणं झालं, ठमी मान हलवत होती, तोही मान हलवत होता. मग त्याने नवी चेन डब्यातून काढली, चढवली, पॅडल हाताने गरगर फिरवलं. चेन झुळझुळ फिरली. फिरणारच. स्टँडवर वजन कुठे असतं?

मागचं दातेरी चाक त्याने बदललं नाही. मला रस्त्यापलीकडून दिसलं, जुने काळे दाते तसेच.

अण्णांचा एक नियम होता. चेनला हात लावला की ती सायकल चढावर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही. आमचा रस्ता पुढे चढतो, वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथवर पॅडलवर उभं राहून जायचं. जे घसरायचं ते आपल्या पायाखाली घसरू दे, असं अण्णा म्हणत. मी आजही जातो, दम लागला तरी. धाकट्याने गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सोडलं आहे. त्याने फडक्याने हात पुसले, ठमीच्या पाठीवर थाप मारली आणि सायकल दिली.

चूक माझ्या डोळ्यांसमोर झाली. मी उठलो असतो आणि दहा पावलं चाललो असतो, तर काम झालं असतं. पण मला आनंद झाला होता. आता लाज वाटते, पण तेव्हा पोटात गार वाटलं. कळू दे एकदा तिला, काचेच्या दुकानात काय मिळतं ते. मी मूग गिळून ब्रेक आवळत राहिलो. तो म्हातारा शेवटी म्हणाला, "अहो मिस्त्री, आता चाक फिरू द्याल की नाही?"

संध्याकाळी जेवताना ठमीने विचारलं, "बाबा, बघितली का नवी चेन?"

"बघितली."

"कशीय?"

तिची आई माझ्याकडे बघत होती. बायकोला माझ्या तोंडावरून सगळं कळतं, फक्त कारण कळत नाही.

"छान चकाकते," मी म्हणालो.

ठमी हसली. खरं म्हणजे तिला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

रविवारी दुकान बंद ठेवायचं सोडून मी उघडून बसलो. शर्यतीला जायचं धैर्य नव्हतं. अकराच्या सुमारास ठमी रस्त्याच्या टोकाला दिसली. सायकलवर नव्हती, सायकल हातात धरून चालत येत होती. चेन खाली लोंबत होती. मी उठायच्या आत धाकटा लंगडत बाहेर आला होता.

"काय झालं गं?"

"पुलाचा चढ," ठमी म्हणाली. "मी पाचवी होते, काका. उभी राहिले नि जोर लावला, तर चेन दात्यांवरून उडाली. पडले. परत चढवली, परत उडाली."

"म्हणून म्हणत होतो ना मी, दातेरी चाकही बदलू! तूच हटून बसलीस."

"तू बदललं असतंस तर बाबांना वाईट वाटलं असतं. ते चाक त्यांनी बसवलंय."

मी तोवर रस्त्याच्या मध्यापर्यंत आलो होतो. तिथेच थांबलो.

धाकटा माझ्याकडे वळला. "दादा, चूक माझी. चढावर न्यायला हवी होती. अण्णांनी इतकं सांगितलेलं. हिला कशाला बोलतोयस, मला बोल."

मी अजून कुणालाच काही बोललो नव्हतो. तो माझा चेहरा बघून बोलत होता. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, त्याने माझ्यासमोर मान खाली घालून उभं राहावं. आणि आता तो उभा होता तर मला ते बघवेना.

"मी बघत होतो काल," मी म्हणालो. "चाक बदललं नाहीस, वरही नेली नाहीस. मला माहीत होतं उडणार म्हणून."

ठमीला समजायला थोडा वेळ लागला.

"पण तुम्ही म्हणालात, चकाकते."

"हो."

तिने सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं, गिऱ्हाईक देतं तसं, आणि बाजूला झाली.

धाकटा आत गेला आणि एक डबा घेऊन आला. त्यात ठमीची जुनी चेन होती, रॉकेलमध्ये धुतलेली, पुसलेली. "टाकवेना," एवढंच म्हणाला. मी रस्त्याच्या कडेला बसून ती चढवली. अशा वेळी मागचं चाक उचलून धरायचं काम ठमीचं असतं. ती आली नाही. धाकट्याने उचलून धरलं. किती वर्षांनी आम्ही दोघं एका सायकलला हात लावत होतो.

मग नियमाप्रमाणे मी सायकलवर बसलो आणि चढावर निघालो. पॅडलवर उभा राहिलो, असेल नसेल तो जोर लावला. झिजलेल्या पिना झिजलेल्या दात्यांवर बरोबर बसल्या. एकदाही खट्ट झालं नाही.

टाकीपाशी उतरून मी खाली बघितलं. ठमी काकाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. धाकटा दुखरा पाय लांब करून तिच्यासमोर बसला होता आणि ओल्या फडक्याने तिचा गुडघा पुसत होता. तिला लागलं होतं. ती पडले म्हणाली होती, मी ऐकलंही होतं, आणि तिला कुठे लागलं हे न विचारता चेन हातात घेतली होती.

मला त्याचा हेवा वाटला, आजवर वाटला नव्हता इतका. त्या पायरीसमोर मी असायला हवा होतो, आणि या वेळी तो माझ्या जागेवर येऊन बसला असंही म्हणता येत नव्हतं.

मी सायकल वळवली. उतारावर पाय मारावे लागत नाहीत, चेन जागच्या जागी थांबते. खालपर्यंत फक्त मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येत होती.