तिसरी तपासणी

सुधारगृहातल्या समुपदेशक बाईंनी पेला हातात घेतला आणि त्यांचं डोकंच फिरलं. लघवी थंडगार होती.

"कुणाची उसनी आणलीस?"

"माझीच आहे. सकाळी भरून ठेवली होती," फिरकी म्हणाला.

फिरकी सतरा वर्षांचा. औषधांचं दुकान फोडून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पळवताना सापडलेला, तोही दारू पिऊन तर्र. नशेसाठीची आजची तिसरी तपासणी स्वच्छ निघाली की तो आत्याकडे राहून बेकरीत कामाला लागणार होता. नाहीतर आणखी सहा महिने आत. आत्या त्याचे कपडे घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

आधीचा शिपाई पाठ करून उभा राहायचा, हा नवा टक लावून बघतो, आणि कुणी बघत असलं की आपल्याला होतच नाही, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. नवा शिपाई फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. गेल्या वर्षी एका गोडबोल्या पोरानं दुसऱ्याची लघवी देऊन त्यांना उल्लू बनवलं होतं, आणि सुटल्यावर आठवड्याभरात तो नशेत मेला होता. नजरेसमोर नमुना घ्यायचा नियम या महिन्यात बाईंनीच केला होता.

त्यांनी फिरकीला सहा ग्लास पाणी प्यायला लावलं. दोन तास गेले. नळ सोडू का, गाणं म्हणू का, असं शिपायाचं चाललं होतं. फिरकी घामाघूम, पोट तट्ट फुगलेलं. शिपायाला पाठ फिरवायला सांगणं बाईंच्या हातात होतं. पोरगा खरं बोलतोय असं त्यांना वाटतही होतं. पण गेल्या वर्षीही त्यांना तसंच वाटलं होतं.

पाच वाजता त्यांनी 'नमुना देण्यास नकार' असं लिहून सही ठोकली आणि आत्याला आत बोलावून सांगितलं. तिनं कपड्यांची पिशवी छातीशी धरली.

तिच्याकडे बघता बघता फिरकीचा धीर सुटला. पँट भिजली, फरशीवर डबकं साचलं.

"घ्या," तो दातओठ खात म्हणाला. "गरम आहे."

तपासणीची पट्टी टेबलावरच होती. वाकून बुडवायचीच काय ती खोटी होती. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग दुप्पट झाला. त्यांनी पट्टी खणात टाकली आणि शिपायाला म्हणाल्या, "फडकं दे त्याला. त्यालाच पुसू दे."