रॅकखालची काडी

मी एक जुनी फळी आहे. बाभळीची, हातभर लांब आणि स्वभावाने जरा कडक. वर्ध्याच्या 'प्रमिला फूटवेअर' या दुकानात चपलांचा जो मोठा लोखंडी रॅक आहे, त्याचा एक पाय आखूड आहे. तो डुगडुगू नये म्हणून मला त्या पायाखाली दाबून ठेवले आहे. दुकानात येणाऱ्या कुणालाही मी दिसत नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्यावर माप घेतल्याशिवाय या दुकानातून कुणाला चप्पल मिळत नसे.

माझा जन्म फळी म्हणून झाला नाही. वर्ध्याजवळच्या आंजी गावात तानबा नावाचे शेतकरी होते. त्यांच्या वखराचे खोड म्हणजे मी. पेरणीआधी वखराने जमीन भुसभुशीत करतात आणि तो नीट रुतावा म्हणून त्यावर वजन ठेवतात. तानबा दगड ठेवत नसत, आपल्या पोराला माझ्यावर बसवत. त्या पोराचे नाव रूपराव. सहा-सात वर्षांचा असेल. मोठे ढेकूळ आले की आम्ही दोघेही उडत असू आणि तो खदखदून हसे. त्याचे तळवे माझ्यावर टेकलेले असत. अनवाणी, मातीने माखलेले, टाचेजवळ काट्याची जुनी खूण असलेले. ते पाय मला पाठ झाले होते.

घरात चपला एकट्या तानबांच्या पायात. रूपरावची माय कापसाच्या पऱ्हाटीच्या खुटांतून अनवाणीच फिरे. एका वर्षी कापूस बरा झाला, तेव्हा तानबांनी तिच्या पावलाएवढी तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाची, काडी मोडली आणि वर्ध्याला गेले. खेड्यातल्या बायका तेव्हा चपला घ्यायला शहरात जात नसत. पाय घरी राही आणि काडी बाजारात जाई. तिथल्या दुकानदाराने काडीकडे एकदा पाहिले, ती बाहेर फेकली आणि अंदाजाने एक जोडी काढून दिली. जोडी लहान निघाली. तानबा ती परत घेऊन गेले, तर दुकानदार म्हणाला की माप तुम्हीच चुकीचे आणले. काडी त्यानेच फेकलेली. तानबा बिचारे दाखवणार काय?

मायने ती जोडी खुंटीला टांगली. सणावाराला ती पुसून ठेवायची, पण पायात घातली नाही. हे सारे तानबा माझ्यावर बसून पोराला सांगत. पोरगा ऐकत राही आणि पायाच्या बोटांनी माती उकरत राही.

मोठा झाल्यावर रूपराव सायकलवर चपलांचे गाठोडे बांधून आठवडी बाजार करू लागला. १९९१ साली त्याने वर्ध्यात गाळा घेतला आणि दुकानाला बायकोचे, प्रमिलाबाईंचे नाव दिले. तानबांचा वखर तोवर मोडला होता. रूपरावने माझा धड तुकडा उचलला आणि हिरालाल सुताराकडे नेला.

"पायाचं माप घ्याची पट्टी बाजारात तयार भेटते ना गा," हिरालाल म्हणाला.

"भेटते. पन इले पाय मालूम हाये," रूपराव म्हणाला.

हिरालालने मला रंधा मारला, तापल्या सळईने माझ्यावर रेघा ओढल्या. भाजले, पण मी हूं की चूं केले नाही. माझ्याबद्दल इतके चांगले कुणी कधी बोलले नव्हते.

मित्रांनो, पुढची बारा-तेरा वर्षे मी राणीसारखी जगले. रूपराव स्वतः जमिनीवर बसायचा, गिऱ्हाईकाचा पाय हातात घेऊन माझ्यावर ठेवायचा. शहरातले लोक संकोचायचे. पण त्याची खरी कला दिसायची ती काडी आली की. आंजीहून, रोहण्याहून माणसे काड्या घेऊन येत. रूपराव काडी माझ्यावर ठेवी, रेघ पाही आणि विचारी, "वयनी वावरात जाते का?"

"जाते ना जी."

"मंग एक नंबर मोठी ने. काडी लांबी सांगते, रुंदी नाई सांगत. मातीत चालून चालून पाय फाकते."

मग तो त्या काडीला नावागावाची चिठ्ठी बांधायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. "नाई बसली तं वापस आनजो बाप्पा. काडी हाये माह्यापाशी." हे वाक्य तो प्रत्येकाला सांगे आणि शब्दाला जागे. घालून मळलेली जोडीसुद्धा त्याने बदलून दिली आहे. प्रमिलाबाई चिडवायच्या, "लोकायच्या घरी देवाचे फोटो राह्यते, तुमच्या घरी काड्या!" तो नुसता हसे आणि माझ्यावर थाप मारून नव्या गिऱ्हाईकाला सांगे, "हा माह्या बापाचा वखर हाये." मी पावसाळ्याशिवाय फुगत असे.

त्याचा मुलगा धीरज २००४ साली दुकानात बसू लागला. धीरज वाईट मुलगा नाही. पण त्याच्या तळव्याला कधी ढेकूळ लागले नाही. काचेचे दार आले, पांढऱ्या फरश्या आल्या. पत्र्याचा डबा बघून तो म्हणाला, "बाबा, हा काडीकचरा कशाले ठेवता? लोक आता नंबर सांगते." डबा भंगारात गेला. रूपराव त्या दिवशी जेवला नाही, असे प्रमिलाबाई सांगत होत्या. पण डबा परत आणायला तो गेला नाही. मग भिंतीवर पाटी लागली, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मग नवा रॅक आला, डुगडुगला आणि धीरजने मला त्याच्या पायाखाली सारले. रूपराव तिथेच उभा होता.

"चाला, कामी तं आली," तो म्हणाला.

मला वाईट वाटले. तरी मी स्वतःची समजूत घातली. म्हटले, फळीचे काय, माणूस तर तोच आहे ना.

दोन वर्षांनी आंजीचा श्रावण आला. हातात तुराटीची काडी. बायकोला आयुष्यातली पहिली चप्पल घ्यायची होती त्याला. रूपराव जेवायला घरी गेला होता. धीरजने काडी घेतली, पाहिल्यासारखे केले आणि बाजूला फेकली. ती घरंगळत रॅकखाली आली आणि माझ्या अंगाला लागून थांबली. माझ्या रेघांवर ती सहावर बसत होती. धीरजने पाच नंबर दिला, कारण पाचच्या जोड्या पडून होत्या. मी ओरडले असते, पण फळ्यांचे कोण ऐकतो?

आठ दिवसांनी श्रावण जोडी घेऊन परत आला. या वेळी रूपराव गल्ल्यावर होता. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके होती.

"लहान पडली जी. माह्या सुलोचनाची टाच बाहेर राह्यते," श्रावण म्हणाला.

धीरजने पाटीकडे बोट दाखवले.

"पन मी काडी देल्ली होती ना!"

"कोनती काडी? आमी काडी घेतच नाई. माप तुमीच चुकीचं सांगतलं असंल."

श्रावण रूपरावकडे वळला. "मालक, तुमीच सांगा. माह्या बापानं तुमच्यापासूनच नेल्त्या चपला. तुमी म्हनत होते, नाई बसली तं वापस आनजो."

रूपरावचा चष्मा खाली पडला. पडला की पाडला, मला माहीत नाही. चष्मा उचलायला तो वाकला आणि रॅकखाली त्याची नजर आली. त्याने मला पाहिले. माझ्याजवळची काडी पाहिली. तुराटीची काडी कशासाठी मोडतात हे ज्याला सहाव्या वर्षी कळले होते, त्याला दुसरे काही सांगायची गरज नव्हती. हात लांब केला असता तर काडी त्याच्या बोटांना लागली असती. माझ्यात जीव आला. म्हटले, आता काढतो.

रूपराव सरळ उभा राहिला. चष्मा पुसला.

"चुकलं असंल माप, भाऊ," तो म्हणाला. "होते कधी कधी."

चार लोकांत पोरगा खोटा पडू नये म्हणून त्याने श्रावणला खोटे पाडले. रूपरावच्या बापाला ज्या वाक्याने एका दुकानदाराने घालवून दिले होते, तेच वाक्य. मी तानबांचा वखर आहे, मित्रांनो. मला ते सहन झाले नाही आणि आजही होत नाही.

श्रावण भांडला नाही. तो स्वतःवरच शंका घेऊ लागला. "असंल जी. मीच काडी आखूड मोडली असंल," असे म्हणून त्याने जोडी पुन्हा पिशवीत घातली. "जाऊ द्या. खुटीले टांगून ठेवतो. घरात चपला हाये, एवढं तं दिसंल."

काचेचे दार आपोआप बंद झाले. रूपराव गल्ल्यामागे उभाच होता. धीरजने पुढच्या गिऱ्हाईकाला नंबर विचारला.

या गोष्टीला आता वर्ष झाले. झाडू या कोपऱ्यात पोचत नाही, म्हणून काडी अजून माझ्याजवळ आहे. रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की रूपराव रॅकपाशी येऊन उभा राहतो. मला त्याचे पाय दिसतात. आता ते बुटांत असतात. थोडा वेळ तो थांबतो आणि निघून जातो. तो एकदाही वाकलेला नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढा असे मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण कुणी विश्वासाने आपल्या घरच्या पायाचे माप तुमच्या हातात दिले, तर ते फेकू नका. आणि कधी आईवडिलांबरोबर या दुकानात आलात, तर रॅकपाशी खाली बसा, हात आत घाला आणि ती काडी बाहेर काढा. धीरजकडे देऊ नका. रूपरावच्या हातात द्या आणि त्याला विचारा, ही कुणाची? त्याला नाव ठाऊक आहे, गाव तर त्याचेच आहे. तो सांगतो का, तेवढे बघा.