मला बंद न करणारा मालक

मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यावर पाहिलं असेल. केशरी तोंडाचा, सहा चाकांचा, डाव्या दिव्याजवळ पोचा आलेला जुना ट्रक, तोच मी. चौदा वर्षं झाली मला रस्त्यावर येऊन. हल्ली खोकतो, कुरकुरतो, पण एक खोड काही गेली नाही. मला नसत्या चौकशा फार. स्टिअरिंगमागे बसलेला माणूस असा का वागतो, याचा छडा लागल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझे पहिले मालक खंडाळ्याचे कोंडीबा. त्यांचा सगळा जीव डिझेलच्या थेंबात अडकलेला. घाट उतरताना ते मला न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचे. डिझेल वाचायचं म्हणे! पण सगळा भार ब्रेकवर यायचा, जळका वास सुटायचा आणि माझी पाचावर धारण बसायची. तरी चहाच्या टपरीवर ते मिशीला पीळ देऊन सांगायचे, "लिटरला साडेपाच किलोमीटर पळतोय माझा वाघ." दसऱ्याला झेंडूची माळ घालायचे. मग काय, मीही फुगायचो. एकदा मात्र उतारावर ब्रेक लागता लागेना. आम्ही दोघं वाचलो ते निव्वळ नशिबानं. त्या धसक्यानं कोंडीबांनी धंदाच सोडला आणि मला गोठ्यामागं उभं केलं. दीड वर्ष माझ्या केबिनमध्ये कोंबड्या बसत होत्या. सांगायलाही लाज वाटते.

तिथून मला बाहेर काढलं आकारामांनी. माण तालुक्यातला माणूस, सतरा वर्षं फौजेत गाडी चालवून नुकताच घरी आलेला. आयुष्यभर सरकारी गाड्या हाकल्या, आता स्वतःची घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीतून लोखंडी सुटे भाग सांगलीला न्यायचे, येताना मार्केट यार्डातून हळद भरायची, आणि एक दिवसाआड तरी घरची भाकरी खायची, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांची बायको संयोगिता. सतरा वर्षं त्या बाईनं सुट्टीच्या तारखांवर डोळे लावून काढली होती. मला ओवाळून झालं तरी ती ताट घेऊन माझ्यापुढंच उभी राहिली, हे मी बघितलं.

आकाराम गाडी चालवायचे ती मात्र झकास. गिअर टाकताना आवाज नाही, घाटात उतरताना घाई नाही, ब्रेकवर उगाच पाय नाही. मी मनात म्हटलं, चला, म्हातारपणी सुख आलं नशिबात! पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एकदा घराबाहेर पडला की हा माणूस मला बंदच करत नव्हता.

रात्री घरी तेवढी विश्रांती मिळायची, पण सकाळी मला सुरू करून ते अर्धा तास अंगणात तसंच ठेवायचे. जेवायला ढाब्यावर थांबले तरी माझी धडधड चालूच. सांगलीच्या यार्डात हळदीच्या पोत्यांसाठी चार-चार तास रांग लागायची. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्या बंद करून लिंबाखाली पत्ते कुटत बसायचे आणि मी एकटा भर उन्हात गुरगुरत उभा. शेजारचा टेम्पो माझ्याकडं बघून हसायचा. याला झालंय तरी काय? विसरतो म्हणावं, तर चावीवर हात ठेवून बसायचा. मला काही केल्या उलगडा होईना.

इकडं डिझेल कापरासारखं उडू लागलं. लिटरला साडेपाच पळणारा मी, चारावर आलो. आकारामांना वाटलं, कुणीतरी चोरतंय. त्यांनी टाकीला हे एवढं कुलूप ठोकलं. तरी फरक नाही. मग गोठ्यामागून काढल्यावर मला ज्यांनी दुरुस्त केलं होतं, त्या कराडच्या मिस्त्री बाळासोंना त्यांनी गाठलं आणि डिझेलचा पंप तुम्हीच बिघडवलात, असं तोंडावर सुनावलं. बाळासोंनी पंप खोलून समोर ठेवला, तो ठणठणीत होता. ते रागावले नाहीत, पण चहाही पाजला नाही. मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडून सांगितलं असतं, अहो, चोर बाहेर नाही, तुमच्या हातात आहे!

एका सकाळी अंगणात आकाराम बायकोला म्हणाले की, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर गाडी विकतो आणि पुण्याला सिक्युरिटीची नोकरी धरतो. संयोगिता चुलीपुढं जाऊन बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. मलाही धस्स झालं. चौदा वर्षांचा ट्रक कोण घेणार? घेतला तर भंगारवालाच.

पुढच्या खेपेला संयोगिता हट्टानं केबिनमध्ये चढून बसली. बरोबर तिनं लिंबाची एक लांब काठी घेतली होती. आकाराम हसले. पण ती माणची बाई, मित्रांनो. तिकडं पाण्याचा टँकर आला की बायका हौदात काठी घालतात आणि ओल कुठवर आली ते बघून किती पाणी आलं, किती संपलं, हे ओळखतात. विट्याला तिनं माझ्या टाकीत काठी घातली आणि खिळ्यानं खूण केली. सांगलीच्या यार्डात पोचल्यावर दुसरी खूण केली. मग आम्ही रांगेत उभे राहिलो आणि चार तासांनी तिनं तिसरी खूण केली. बघते तर काय, विटा ते सांगली पळताना जेवढी ओल खाली गेली होती, जवळजवळ तेवढीच एका जागी उभ्या उभ्या गेली होती!

"आवं, चोर सापडला," ती हळूच म्हणाली. "उभी असली की बंद करा गाडी."

"बंद करायची न्हाई," आकाराम एकदम कडाडले. यार्डातले हमालसुद्धा वळून बघू लागले. संयोगितानं भांडण केलं नाही, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि शांतपणे विचारलं, "का?"

बघा, एवढा साधा प्रश्न. पण तो आजवर त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आकारामांनी फडक्यानं आधी समोरची काच पुसली, मग आरसा पुसला आणि मग कुठं ते सांगू लागले. फौजेत लडाखला असताना एका थांब्यावर त्यांनी डिझेल वाचवायला म्हणून इंजिन बंद केलं होतं, फक्त वीस मिनिटं. तिथल्या थंडीत डिझेल नळ्यांतच गोठतं. गाडी पुन्हा सुरू झालीच नाही. दुसरी गाडी येईपर्यंत सात तास ते बर्फात अडकून पडले. बरोबर शिराळ्याचा जवान वीरधवल होता. त्या थंडीत त्याच्या पायाची बोटं गेली. त्यानं कधी एका शब्दानंही दोष दिला नाही.

"तवापास्नं वाटंवर चावी फिरवायला गेलो की हात थांबतोय," आकाराम म्हणाले. "आन् ही बी सुरू झाली न्हाई तर?"

संयोगितानं काचेबाहेर बोट दाखवलं. लिंबाखाली पत्ते चालले होते, हमाल पोती फेकत होते, चहावाला कपबशा विसळत होता.

"तर ढकलू की," ती म्हणाली. "हितं बर्फ न्हाई. माणसं हायत."

आकारामांनी डोळे मिटले आणि चावी फिरवली. मी थांबलो. खरं सांगतो, भर दिवसा इतकी शांतता मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. मलाच कसंतरी झालं. दीड तास रांग जागची हलली नाही आणि दीड तास आकाराम केबिनमधून उतरले नाहीत. चहा आला तो तसाच गार झाला. मग पुढची गाडी सरकली. आता माझी पाळी होती आणि माझी बॅटरी जुनी होती. नव्या मालकाच्या उमेदीची, त्या बाईच्या सतरा वर्षांची आणि माझ्या स्वतःच्या जिवाची सगळी भिस्त त्या एका क्षणावर होती. आकारामांनी तळवा शर्टाला पुसला आणि चावी धरली.

"चल गड्या," ते पुटपुटले.

आणि मी सुरू झालो. पहिल्याच फटक्यात! आकारामांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. संयोगितानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, चारचौघांत, न लाजता. परत येताना ते कराडला थांबले आणि बाळासोंची माफी मागितली. या खेपेला चहा मिळाला.

त्यानंतर संयोगिताला चौकशीचा नादच लागला, अगदी माझ्यासारखा. टायरात हवा कमी असली तर डिझेल जास्त लागतं का? ताडपत्री फडफडत असली तर? बर्फ नसताना, फौजेतल्या सवयीनं गाडीत ठेवलेली फावडी, पाण्याचे कॅन आणि टायरला बांधायच्या जाडजूड साखळ्या कशाला? एकेक गोष्ट तिनं विचारली आणि एकेक ओझं खाली उतरवलं. दिवाळी आली तेव्हा मी लिटरला पाच पार केले होते. आकाराम पुण्याला गेले नाहीत. अंगणात माझ्या बंपरला पणती लावून ते घरात फराळाला बसले.

मित्रांनो, गाडी उभी असली की ती बंद करा, एवढी माझी विनंती आहे. आम्हालाही विसावा लागतो आणि डिझेल काही आभाळातून पडत नाही. पण कुणी बंद करत नसेल, तर लगेच त्याच्यावर डाफरू नका. आधी शेजारी बसा आणि का, ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा थांबा.

लिंबाची ती काठी अजून सीटमागं आहे. आकाराम आता मला सगळीकडं बंद करतात, तरी पुन्हा चावी फिरवताना त्यांचा श्वास क्षणभर अडकतो. तो मला ऐकू येतो. म्हणून अंग कितीही दुखत असलं, तरी मी पहिल्या फटक्यातच सुरू होतो.