ब्रेकपर्यंत पाय

आमच्या थोरल्याला कुणाला विचारायची सवयच नाही. घरापासून थेट तळ्यापर्यंत उतरत गेलेलं एवढं मोठं आवार, पण तिथलं गवत कापते कोण? त्याची बायको. हा पायरीवर बसून "तिकडे राहिलं बघ" म्हणत नुसतं बोट दाखवतो. जुनं ढकलायचं यंत्र बंद पडलं, तर साहेब एकटेच दुकानात गेले आणि बसून चालवायचं लालभडक धूड घेऊन आले.

"आई, गाडीसारखं चालतं! मी स्वतः बसून बघितलंय."

सून चढून बसली. ती माझ्या खांद्याएवढी. सीट सरकत होती तेवढी पुढे ओढली, तरी पाय ब्रेकला पोचेना. पाय लांबवायला ती जरा उठली, तर इंजिनच बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

"काही नाही गं, सीटखालची एक वायर काढून टाकतो, मग नाही बंद पडणार."

"ती वायर असते कशाला?" मी विचारलं.

"माणूस खाली पडला तर पातं थांबावं म्हणून," तो बोलून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यंत्राची किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली.

"उद्या हे धूड परत जाईल," मी त्याला म्हणाले. "दुकानात ती बसून बघेल. तिचा पाय पोचेल तेच यंत्र या घरात येईल. आणि तोवर गवत तू कापायचं, विळ्याने, पार तळ्यापर्यंत."