भाकड वेल

"लेम्या, तुझा तो भाकड द्राक्षवेल आधी तोड!" ओडेसा बास्नाइट कुंपणापलीकडनं कडाडली. "दरसाल नुसता फुलतो. एक मणी धरत नाय. आन् मुळ्या माझ्या मांडवाखाली!"

लेम्युएल स्प्रुइल ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. "असू दे की गं. तुझं काय खातोय?"

"खत खातोय माझं! बसून खाणारे दोन दादले पुरलेत मी. आता हा तिसरा कशाला पोसू?"

आम्ही शेजारी खो खो हसलो. लेम्युएलचं तोंड मात्र एवढंसं झालं. या गड्याचा जीव ओडेसावर होता, आणि ती सोडून साऱ्या गावाला ते ठाऊक होतं.

बाईचा सगळा तोरा तिच्या सोनेरी द्राक्षांवर. आमच्या कॅरोलायनाच्या दमट हवेत विलायती द्राक्ष कुजून मरतं. इथं टिकतं ते हे जाड सालीचं रानद्राक्षच. सप्टेंबरात चर्चच्या जेवणाला तिचा सालींचा मुरंबा आला की दुसरीच्या बरणीला कुणी हात लावत नसे.

त्या हिवाळ्यात लेम्युएलनं कुऱ्हाड काढली आणि वेल बुडख्यापाशी तोडला. ओडेसानं खूश होऊन त्याला आपल्या ओसरीवर बसवलं, गरम मक्याची भाकरी वाढली. गडी आठवडाभर शीळ घालत हिंडला.

उन्हाळा लागला तसा तिचा मांडव फुलांनी घमघमला. मग फुलं झडली आणि मागं मणीच धरले नाहीत. तिनं राख घातली, पाणी घातलं, पाद्रीबाबाकडनं प्रार्थना म्हणवून घेतली. शेवटी कुंपणाशी आली.

"लेम्या, माझ्या वेलीला दृष्ट लागली रं."

"दृष्ट कसली? तुझी वेल मादी. मी तोडला तो नर व्हता, त्याच्या परागाबिगर तुझी फळत नाय. रानातले बाकीचे नर तर सोयाबीन पेरायला रान तोडलं तवाच गेले."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग मुडद्या, बोलला का नाहीस?"

लेम्युएल मान खाली घालून म्हणाला, "तू पहिल्यांदाच माझ्याकडं कायतरी मागितलंस. नाय कसं म्हणू?"

ओडेसा त्याच्या सात पिढ्या उद्धरून घरात गेली.

त्या सप्टेंबरात चर्चमध्ये दुकानातला मुरंबा आला. इकडं बुडख्याला फूट आली आहे, पण फुलायला दोन-तीन वर्षं तरी जातील. ओडेसा रोज सकाळी लेम्युएलच्या अंगणात येते, बुडख्याला आपलं कोंबडीखत घालते, त्याला शिव्या घालते आणि पाठ फिरवून बसते. भाकरी बंद आहे. लेम्युएल ओसरीवरनं बघत बसतो आणि, मला वाटतं, फूट सावकाश वाढू दे म्हणून देवाला विनवतो.